फॅन गेमसाठी स्प्राइट बनवताय? ‘भारी!’च्या पुढचा अभिप्राय असा मिळवा

जुन्या पोकेमॉन गेममध्ये गवतातून अचानक समोर येणारा प्राणी, उड्या मारणारा मारिओ, धावणारा सोनिक. स्क्रीनवरच्या अशा सुट्या, छोट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. आणि आवडत्या गेमवरून चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने बनवलेला गेम म्हणजे फॅन गेम. अशा गेमसाठी स्प्राइट काढणारी बरीच मुलं आता थेट फोनवर काम करतात. पिक्सेल स्टुडिओ किंवा डॉटपिक्टसारखं अ‍ॅप टाकलं की सुरुवात होते. चित्र काढणं जमतं, पण ते सुधारायचं कसं, हे सांगणारं माणूस सापडत नाही. आज त्याबद्दल बोलू.

आधी पिक्सेल आर्ट म्हणजे काय ते नीट समजून घ्या. नुसतं लहान किंवा धूसर चित्र म्हणजे पिक्सेल आर्ट नाही. घरी कुणी दोसुतीवर भरतकाम केलं असेल तर आठवा: एकेक चौकट मोजून टाका घालायचा, आणि एक टाका चुकला की मोराची मान वाकडी. इथेही तसंच. प्रत्येक ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो.

ही शिस्त जुन्या मशीनच्या मर्यादांतून आली. निन्टेन्डोच्या आठ बिटच्या कन्सोलवर (आपल्याकडे कॅसेट घालून खेळायचे ते स्वस्त व्हिडिओ गेम त्याच्याच नकला होत्या) एका स्प्राइटच्या तुकड्याला फक्त 3 रंग आणि एक पारदर्शक मिळायचा. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी दिली, कारण एवढ्याशा जागेत केस काढणं कठीण, मिशी दिली, कारण तोंड दिसेना. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन गेममध्ये लढाईतला प्राणी 64 बाय 64 च्या चौकोनात बसायचा आणि त्याला 15 रंग व एक पारदर्शक एवढंच मिळायचं. आज तुमच्या फोनला असलं काही बंधन नाही. तरी फॅन गेममध्ये ते पाळतात, कारण तुमचा प्राणी मूळ प्राण्यांच्या शेजारी उभा राहणार असतो. त्याला 40 रंग दिलेत तर लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखा दिसेल.

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्याने शेकरूवरून एक नवा पोकेमॉन काढला. चाहत्यांनी बनवलेल्या अशा प्राण्याला फेकमॉन म्हणतात. पाठ तांबूस, पोट फिकट, आणि शरीराहून लांब झुपकेदार शेपूट. त्याने तो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. बारा बदाम आले, पाच-सहा ‘भारी रे’, आणि एक ‘बकवास’. त्या एका शब्दावरून साहेब सगळं डिलीट करायला निघाले होते. “दादा, मला नाही जमत हे,” असा मेसेज आला. खरं सांगायचं तर ‘भारी’ आणि ‘बकवास’ हे दोन्ही अभिप्राय सारखेच निरुपयोगी. दोन्हीतून पुढचा ठिपका कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मी त्याला चित्र परत पाठवायला सांगितलं आणि ते आलं तेव्हा पहिली गोची कळली. व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं होतं. कडा धूसर, एका तपकिरी रंगाचे दहा तपकिरी झालेले. लोकांनी पाहिलं होतं ते त्याचं चित्र नव्हतंच! म्हणून हे लक्षात ठेवा: स्प्राइट नेहमी पीएनजी फाइल करून, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जेपीजी नको. शिवाय 64 पिक्सेलचं चित्र फोनवर नखाएवढं दिसतं आणि गॅलरीत बोटांनी मोठं केलं की बऱ्याचदा फोन ते गुळगुळीत करून टाकतो. त्यामुळे अ‍ॅपमधून एक्स्पोर्ट करतानाच ते पूर्ण पटीत मोठं करा: 4 पट, 8 पट. अडीच पट केलं की काही ठिपके दोन चौकटींचे आणि काही तीनचे होतात. मोठं आणि मूळ आकाराचं, दोन्ही पाठवा. खेळणारा मूळ आकारातच बघणार आहे.

नीट फाइल आल्यावर मग खऱ्या गोष्टी दिसल्या. नवख्या स्प्राइटमध्ये त्याच त्या तीन-चार गोष्टी अडतात, म्हणून त्या जरा सविस्तर सांगतो.

एक म्हणजे रेषेतले खाचे. वाकडी रेष पिक्सेलमध्ये जिन्यासारखी बनते. पायऱ्यांची लांबी 4, 3, 2, 1 अशी क्रमाने कमी होत गेली तर डोळ्याला वळण गोल वाटतं. 4, 1, 3, 1 अशी झाली की तिथे दात पडल्यासारखं दिसतं. शेकरूच्या पाठीवर हेच होतं. उपाय कंटाळवाणा पण सोपा: चित्र मोठं करून पायऱ्या मोजायच्या. फोनवर तुमचंच बोट तुमचा ठिपका झाकतं, ही वेगळी कटकट. डॉटपिक्टमध्ये कर्सर बोटाने सरकवून बटणाने ठिपका देता येतो, ते शिकून घ्या. जाड रबरी टोकाचे स्वस्त स्टायलस माझ्या मते पैसे वाया.

दुसरी गोष्ट सावलीची. बाहेरून काठ गडद आणि मध्ये उजळ, अशी सगळीकडून सारखी छटा दिली की प्राणी उशीसारखा फुगलेला दिसतो. इंग्रजीत याला पिलो शेडिंगच म्हणतात. कारण उजेड कुठून येतो हे ठरवलेलंच नसतं. ज्या गेमसाठी काढताय त्यातले चार मूळ स्प्राइट शेजारी ठेवा, त्यांच्यावर उजेड कोणत्या बाजूने पडतो ते बघा आणि तीच बाजू धरा. आणि सावलीसाठी त्याच रंगात नुसता काळा मिसळू नका, चित्र मळकट होतं. तांबूस रंगाची सावली थोडी जांभळ्याकडे आणि उजळ भाग थोडा पिवळ्याकडे नेला की तेच 3-4 रंग जिवंत दिसतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बाह्याकृती. संपूर्ण स्प्राइट एकाच काळ्या रंगाने भरा आणि ज्याला गेममधलं काही कळत नाही अशा माणसाला दाखवा. “आवडलं का?” विचारू नका. “हे काय आहे?” विचारा. भावाने आजीला दाखवलं. आजी म्हणाली, “कोंबडा ना रे? शेपटीवरून वाटतोय.” आमची हसून पुरेवाट झाली, पण त्या दिवसभरातला सगळ्यात कामाचा अभिप्राय तोच होता. शेपूट मागे वर उठून कमान करत होती आणि पुढचे पाय पोटात बुडून गेले होते. शेपूट फांदीवरून लोंबते तशी खाली आणली, एक पंजा शरीरापासून सुटा काढला, आणि कोंबड्याचं शेकरू झालं.

आता मागायचं कसं? ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की समोरचाही मोघमच उत्तर देणार. भावाने दुसऱ्यांदा टाकताना जे लिहिलं ते साधारण असं होतं: “गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या शैलीतला फेकमॉन. 64 बाय 64, 13 रंग. उजेड वरून डावीकडून. शेपूट मागे आहे हे कळतं का? की पाठीला चिकटल्यासारखी दिसते? चेहऱ्यावर अजून काम करायचंय, त्याबद्दल सध्या नको.” मर्यादा सांगितली, एक नेमका प्रश्न विचारला, आणि अर्धवट भाग कोणता तेही सांगितलं. चार जणांनी उत्तर दिलं. तिघांनी शेपटीबद्दलच लिहिलं, पण उपाय तिघांचे तीन: एक म्हणे शेपूट गडद कर, दुसरा म्हणे मध्ये काळी रेष दे, तिसरा म्हणे शेपूटच लहान कर.

इथे गोंधळून जाऊ नका. लोकांना खटकलं ते बहुधा खरं असतं. त्यांनी सुचवलेला इलाज खरा असेलच असं नाही. तिघांना शेपूट वेगळी दिसत नाहीये, एवढं पक्कं. लहान केली तर शेकरूपणच जाईल, म्हणून तो सल्ला बाजूला. त्याने शेपटीचा पाठीलगतचा भाग एक छटा गडद केला, आणि काम झालं. कुणी तुमच्या चित्रावर दुरुस्ती करून परत पाठवलं तर दोन्ही चित्रं आलटून पालटून बघा, कोणते ठिपके हलले ते शोधा आणि मग स्वतःच्या फाइलमध्ये स्वतः करा. त्यांचीच फाइल वापरायची असेल तर विचारा आणि गेमच्या श्रेयनामावलीत नाव द्या. दुसऱ्याच्या स्प्राइटचा रंग बदलून ‘माझा’ म्हणणं या मंडळींत चोरीच धरतात, आणि ते ओळखायला त्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी उत्साहात विसरली जाते. पोकेमॉन, मारिओ ही पात्रं कंपनीच्या मालकीची आहेत. गेम फुकट दिला म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. ‘पोकेमॉन युरेनियम’ नावाचा फॅन गेम सुमारे नऊ वर्षं खपून बनवला होता. ऑगस्ट 2016 मध्ये तो आला, 15 लाखांच्या वर डाउनलोड झाले आणि कायदेशीर नोटिसांमुळे बनवणाऱ्यांना डाउनलोडचे दुवे काढावे लागले. त्याच महिन्यात मेट्रॉइडवरचा ‘एएमटूआर’ही असाच गेला. तो बनवणारे मिल्टन ग्वास्ती पुढे ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ या गेमच्या कामात होते. सेगाने तर उलट केलं: सोनिकच्या चाहत्यांमधून आलेल्या ख्रिश्चन व्हाइटहेड यांच्यासोबत 2017 मध्ये ‘सोनिक मेनिया’ अधिकृतपणे काढला. पण प्रत्येक कंपनी सेगा नसते. म्हणून फॅन गेममधून पैसे मागू नका, आणि स्वतः कल्पिलेले प्राणी वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ फाइलसकट जपून ठेवा. गेम बंद पडला तरी तुमचं शेकरू दुसऱ्या, संपूर्ण तुमच्या गेममध्ये जाऊ शकतं.

भावाचं आता पाठमोऱ्या स्प्राइटचं काम चालू आहे. लढाईत आपला प्राणी आपल्याला मागूनच दिसतो, म्हणजे अर्धं चित्र शेपटीनेच भरणार. यावेळी काळी बाह्याकृती त्याने रंग भरायच्या आधीच आजीला दाखवली. आजी म्हणाली, “झाडू आहे का?”