नवी शेळी : पहिले एकवीस दिवस

शेळीपालनाच्या पुस्तकांत जाती, गोठा आणि नफ्याचे गणित यांवर पुष्कळ लिहिलेले असते. पहिल्यांदाच शेळी घेणाऱ्याचे नुकसान मात्र बहुधा त्या पानांपर्यंत पोचण्याआधीच होते. बाजारातून आणलेली धडधाकट शेळी आठव्या-दहाव्या दिवशी चारा सोडते, तिला हगवण लागते आणि ती दगावते. घरचे म्हणतात, विकणाऱ्याने फसवले. कधी ते खरेही असते. भरलेली दिसावी म्हणून बाजाराच्या सकाळी शेळीला भरपूर पाणी पाजणारे विक्रेते आहेत. पण बहुतेक वेळा कारण दोहोंपैकी एक असते : तिच्या पोटातले जिवाणू बिघडलेले असतात, किंवा बाजारातून रोग सोबत आलेला असतो. दोन्ही गोष्टी साधारण तीन आठवड्यांत मार्गी लागतात, म्हणून येथे तेवढ्याच काळाचा विचार केला आहे.

प्रथम पोट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट, इंग्रजी पुस्तकांतले रूमेन. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते सरळ किण्वनाची टाकी समजावे. तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस, आत ऑक्सिजन जवळजवळ नाही, सामू म्हणजे पीएच ६ ते ७ च्या दरम्यान. मिनिटाला एक-दोनदा आकुंचन होऊन आतला माल ढवळला जातो, ढेकरेतून वायू बाहेर पडतो आणि लाळेतला बायकार्बोनेट आम्ल आवरून धरतो. गवतातला सेल्युलोज शेळीला स्वतःला पचत नाही. तो जिवाणू पचवतात आणि त्यांनी तयार केलेल्या ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक आम्लांवर शेळी जगते. म्हणजे आपण चारा घालतो तो आधी जिवाणूंना.

ही जिवाणूंची वस्ती रोजच्या चाऱ्याप्रमाणे घडलेली असते. चारा एका दिवसात बदलला तर वस्ती एका दिवसात बदलत नाही. तिला दोन-तीन आठवडे लागतात. रायपूरकडे या बाबतीत खास धोका आहे तो भाताचा. छत्तीसगड हे धानाचे राज्य. घरात कणी असते, लग्नसराईत उरलेला भात असतो, आणि नव्या पाहुणीचे लाड म्हणून कोणीतरी घमेलेभर भात तिच्यापुढे ठेवतो. स्टार्चवर झपाट्याने वाढणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू ५.५ च्या खाली घसरतो, सेल्युलोज पचवणारे जिवाणू मरतात आणि कोटीपोटाचे ढवळणेच थांबते. एवढा एक भात शेळीचा जीव घेऊ शकतो. गहू, मका, शिळ्या पोळ्या यांचेही तेच.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, चाऱ्याचा विचारावा, आणि जमल्यास त्याच चाऱ्याचा एक भारा सोबत आणावा. पहिले तीन-चार दिवस तोच चारा द्यावा. मग दर तीन-चार दिवसांनी साधारण पाव हिस्सा आपल्या चाऱ्याने बदलत जावे. प्रमाण वजनावरून ठरते : वजनाच्या ३ ते ४ टक्के कोरडा भाग, म्हणजे २५ किलोच्या शेळीला पाऊण ते एक किलो. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते, हे हिशेबात धरावे. नुसता पैरा, म्हणजे आपल्या विदर्भातले तणस, पोट भरतो पण पोसत नाही. त्यासोबत बोर, बाभूळ, उंबर, पिंपळ यांचा झाडपाला हवा. सुबाभूळ मात्र बेताने, त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर ६५ आणि लांबी ६० असेल तर वजन सुमारे २३ किलो. हा अंदाजच आहे, पण जंतनाशकाची मात्रा 'एक झाकण' अशी ठरवण्यापेक्षा पुष्कळ बरा.

आता रोग. सर्वांत घातक तो पीपीआर. हा विषाणूजन्य रोग १९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम नोंदला गेला, भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत. लागण झाल्यापासून ताप यायला बहुधा चार ते सहा दिवस लागतात. बाजारात निरोगी दिसलेली शेळी घरी येऊन आजारी पडते ती यामुळे. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, मग हगवण. घरी आधीची शेरडे असतील तर नवीला तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या घमेल्या-बादलीवर ठेवावे आणि तिचे काम शेवटी करावे. मात्र ती एकटी राहिली तर सतत ओरडते आणि चारा टाकते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने म्हणूनच एकाच कळपातल्या दोन घ्याव्यात.

रोज सकाळी वहीत चार गोष्टी लिहा : चारा किती उरला, रवंथ करते का, लेंडी गोळीदार आहे का, ताप किती. ३८.५ ते ३९.५ अंश नेहमीचे. रायपुरात मे महिन्याच्या दुपारी थोडे अधिक दिसेल, म्हणून मोजणी सकाळीच. खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग लालसर-गुलाबी हवा, पांढरट दिसला तर रक्त पिणाऱ्या जंतांची शंका घ्यावी. डावी कूस ढोलासारखी फुगली तर थांबू नये. पडलेल्या शेळीच्या तोंडात तेल ओतू नका, ते फुप्फुसात जाते. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते.

जंतनाशक पहिल्या दिवशी देण्याची घाई नको. लेंडी दवाखान्यात तपासून मगच औषध ठरवावे. शेळी गाभण असू शकते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अल्बेंडॅझोल सुरुवातीच्या गाभणकाळात गर्भाला अपाय करते. प्रवासाचा शीण गेल्यावर पीपीआरची लस. तिचे संरक्षण साधारण तीन वर्षे टिकते, पण लागण आधीच झालेली असेल तर ती रोग थांबवत नाही. आंत्रविषाराच्या लसीचे दोन डोस पावसाळ्यापूर्वी, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

जातीबद्दल एवढेच. धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी जुळ्या करडांसाठी नावाजलेली, आणि आपल्या मराठी मंडळींना तिचा ओढा असणे साहजिक आहे. पण ती कोरड्या मुलखातली. रायपूरचा पावसाळा पुष्कळ ओला, म्हणजे जंत आणि खुरांचे विकार अधिक, शिवाय शेकडो किलोमीटरचा ट्रकप्रवास. पहिली शेळी छत्तीसगडचीच अंजोरी किंवा जवळच्या गावातली घ्यावी, असे माझे मत. उस्मानाबादी एक पावसाळा काढल्यानंतर आणावी, तीही हिवाळ्यात.