फळीची जाडी कुणाच्या वाट्याची?

परवा माझी चांगलीच फजिती झाली. भिंतीतल्या कोनाड्यात पुस्तकांसाठी पाच खण करायचे होते. कोनाड्याची उंची १०० सेंटिमीटर. १०० भागिले ५, म्हणजे २० चा एक खण. माझी पुस्तकं १९ ची. झालं की! ऐटीत चित्र काढून सुतारकाकांना दिलं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारलं, "फळ्या काय हवेच्या बसवू?"

अरेच्चा! पाच खणांच्या मध्ये चार फळ्या आल्या. एक फळी २ सेंटिमीटर जाड. म्हणजे ८ सेंटिमीटर फळ्यांनीच खाल्ले. उरलेल्या ९२ चे पाच भाग केले तर १८.४. पुस्तक काही आत जायचं नाही.

जपानमध्ये हेच कोडं लोकांनी खोल्या बांधताना सोडवलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, अख्खं शहर वसवताना!

आपल्याकडे कपाटाला खण असतात, तसे जुन्या घरांनाही असतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आजीला विचारून बघा, 'दोन खणांची खोली' हे तिने नक्की ऐकलेलं असेल. जपानी लोक दोन खांबांमधल्या अंतराला 'केन' म्हणतात. (खण आणि केन यांचं नातंगोतं काही नाही, नुसते ऐकायला सारखे.) आणि या केनमध्ये काय मावतं? एक तातामी.

तातामी म्हणजे चटई, पण गुंडाळता येणारी नव्हे. आत भाताचा पेंढा दाबून दाबून भरलेला, वर इगुसा नावाच्या पाणगवताची वीण, लांब कडांना कापडी पट्टी. जाडी पाचेक सेंटिमीटर. रुंदीच्या बरोबर दुप्पट लांबी. एका तातामीवर एक माणूस आरामात झोपतो. फार पूर्वी सरदार लोक लाकडी जमिनीवर एखादी तातामी टाकून बसायचे, आपण पाट मांडतो तशी. पुढे ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली आणि खोलीचं मापच होऊन बसली. आजही जपानमध्ये "सहा चटयांची खोली" म्हटलं की ती केवढी, ते सगळ्यांना कळतं. खाली चटई नसून फरशी असली तरी! दोन चटया जोडल्या की होतो एक चौरस. साधारण तेवढ्या जागेला म्हणतात त्सुबो, आणि जमिनीचे भाव अजूनही त्सुबोत सांगतात.

चटया मांडायचीही एक रीत आहे. चार चटयांचे कोपरे एका ठिकाणी आणायचे नाहीत, ते अशुभ मानतात. साडेचार चटयांच्या खोलीत अर्धी चटई मधोमध आणि चार तिच्याभोवती, भिंगरीच्या पात्यांसारख्या. चौकटीच्या वहीत दोन घरांची एक चटई धरा आणि तीन बाय चार घरांच्या खोलीत सहा चटया बसवून बघा. कोपऱ्यांचा नियम मात्र मोडायचा नाही हं.

आता गंमत ऐका. क्योतोची पारंपरिक चटई १९१ सेंटिमीटर लांब, तर टोकियोची १७६. असं का बरं? टोकियोकडचे सुतार आधी खांब ठरवतात, एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १८२ सेंटिमीटर. खांबाची जाडी त्यातूनच जाते आणि उरेल तेवढ्यात चटई. माझ्या १८.४ च्या खणासारखंच झालं हे! क्योतोत उलट. चटई ठरलेली, तिला हात लावायचा नाही. चटया मांडा आणि खांब त्यांच्या बाहेर उभे करा. म्हणून क्योतोच्या सहा चटया टोकियोच्या सात चटयांपेक्षाही किंचित जास्त जागा व्यापतात.

आता चटई सोडा आणि आकाशातून खाली बघा. ७१० साली नारा इथे राजधानी वसवली. सारख्या अंतराच्या रेषा आखल्या आणि त्या रेषांवर रस्ते काढले. रस्त्यांच्या मधल्या चौकोनी जमिनीला आपण चौक म्हणू. रस्ता रुंद असला की शेजारच्या चौकाची जमीन गिळायचा, त्यामुळे चौक लहानमोठे झाले. फळीने खण खाल्ला! मग ७९४ साली सम्राट कान्मु याने नवी राजधानी वसवली, तेच आजचं क्योतो. तिथे प्रत्येक चौकाची बाजू ४० जो, म्हणजे साधारण १२० मीटर, अशी पक्की केली. जो हे लांबीचं माप, जवळजवळ ३ मीटरचं. रस्त्यांची जागा वेगळी धरली. मधला राजरस्ता सुमारे ८४ मीटर रुंद होता. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक आडव्या टाका, तरी थोडा उरेल! पण त्याने एकाही चौकाचं इंचभर खाल्लं नाही.

बड्या सरदाराला अख्खा चौक मिळायचा. साध्या माणसासाठी चौकाचे एकीकडून चार आणि दुसरीकडून आठ भाग करत, म्हणजे ३२ तुकडे. एक तुकडा १० जो लांब, ५ जो रुंद. थांबा, थांबा! लांबी रुंदीच्या दुप्पट? ही तर चटईच! तातामी दोन्हीकडून जवळजवळ १६ पट वाढवली की तो तुकडा तयार. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. भिंतभर चटया आल्या त्याच मुळी शेकडो वर्षांनी. पण मला ते नकाशात दिसलं आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

ठरलेल्या मापाच्या चटईचा एक फायदा ओसाकाच्या लोकांनी बरोबर हेरला. तिथे जुन्या काळी भाड्याचं घर मिळायचं ते उघडंबोडकं, त्याला नावच 'नागडं भाडं' असं होतं. चटया आणि सरकती दारं भाडेकरूने आणायची. घर बदललं की चटया उचलायच्या आणि नव्या घरात टाकायच्या. जुनी चटई तिथेही बरोबर बसायची, कापाकापी नाही की फट नाही.

हे सगळं मी सुतारकाकांना रंगवून सांगितलं. म्हटलं, आपण क्योतोसारखं करू, आधी खण पक्का, फळ्या वेगळ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रंध्यावरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "चालेल की. मग भिंत आठ सेंटिमीटर वर उचलता, की पुस्तकं तासून देऊ?"