तसबिरीतला नायक वर्गात यावा



आपल्या शाळेच्या भिंतींवर थोर व्यक्तींच्या तसबिरी पुष्कळ आहेत. जयंतीला हार घातले जातात, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत चिडवाचिडवी चालू होते आणि मागच्या बाकावरचे एखादे मूल ‘ढ’ ठरते. तसबीर आणि बाक यांत एवढे अंतर राहू नये, म्हणून पाचवी ते आठवीच्या वर्गांत आम्ही ‘महिन्याचा नायक’ हा उपक्रम घेत आहोत.

याची रीत सोपी आहे. दर महिन्याला एक नायक किंवा नायिका निवडायची. संपूर्ण चरित्र पाठ करायचे नाही. त्यांचा एकच गुण घ्यायचा आणि मुलांना रोज करता येईल अशा कृतीत तो उतरवायचा.

देवी अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. त्यावरून वर्गातली कृती ठरली : दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्यावरून : आजारी सोबत्याचा बुडालेला अभ्यास त्याला पोहोचवायचा. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार असलेले, होळकर संघाचे सी. के. नायडू साठी ओलांडल्यावरही रणजी सामने खेळले. त्यावरून : चुकलेले गणित तिथेच न सोडता पुन्हा मांडायचे.

अशी कृती दिसली की शिक्षक चिठ्ठी लिहून फलकावर लावतात. चिठ्ठीत ‘शहाणी मुलगी’ असे नसते. ‘आज तू मैत्रिणीला इतिहासाची वही दिलीस’ असे असते. यामागे कारण आहे. अमेरिकेत म्यूलर व ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. ‘हुशार’ म्हणून वाखाणलेली मुले पुढे कठीण कोडी चुकल्यावर लवकर खचली. मेहनतीची तारीफ झालेली मुले मात्र नेटाने टिकली. शिक्का चांगला असला तरी तो शिक्काच. कृती मात्र कोणालाही पुन्हा करता येते.

तीन पथ्ये आम्ही पाळतो. चिठ्ठ्यांना गुण किंवा क्रमांक नाहीत. वर्गात ‘खलनायक’ कोणालाही ठरवायचे नाही, गमतीनेही नाही. आणि महिनाअखेर कोणाच्या नावे एकही चिठ्ठी नाही, हे वर्गशिक्षक हजेरीपटावरून पाहतात. असे मूल वाईट असते असे नव्हे. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. पुढच्या आठवड्यात आधी त्याच्याकडेच पाहायचे.

पालकांना विनंती, संध्याकाळी ‘किती मार्क पडले?’ याबरोबर ‘आज कोणाला मदत केलीस? तुला कोणी केली?’ हेही विचारावे. विश्वस्त मंडळींस विनंती, स्नेहसंमेलनात पहिल्या तीन क्रमांकांची बक्षिसे जरूर द्यावीत, पण त्याआधी अशा दहा चिठ्ठ्या मंचावरून वाचू द्याव्यात. क्रमांक वर्गातून तिघांनाच मिळतो. टाळ्यांची गरज बाकीच्या मुलांनाही असते.