दोन नाण्यांच्या वजनाचे विमान

परभणीजवळच्या झरीसारख्या गावात संक्रांतीच्या दिवसांत मुले बांबूची कामटी तासतात, कागद चिकटवतात, पतंगाचा तोल जुळवतात. विमानाचे मॉडेल बनवायलाही हेच हुनर लागते. तरी स्पर्धेचे नाव काढले की हीच मुले म्हणतात, “ते शहरातल्यांचे काम.” चूक मुलांची नाही. स्पर्धेचे नियमच नवख्याला बाहेर ठेवतात.

बंद सभागृहात उडणाऱ्या या विमानांना इंजिन नसते, रिमोट नसतो. पीळ दिलेले रबर उलगडते आणि पुढचा पंखा फिरवते. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत असे छोटे विमान उडवून दाखवले होते. आज जागतिक स्पर्धेतले विमान ५५ सेंटिमीटर रुंद असते आणि त्याचे वजन असते अवघे १.४ ग्रॅम, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहून कमी. ते अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहू शकते. रुमानियात तर मिठाच्या जुन्या खाणीत अशा स्पर्धा झाल्या आहेत. पण इतके नाजूक विमान पहिल्याच दिवशी कोणाच्या हातून बनणार?

अमेरिकेतील हौशी मंडळींनी यावर सोपा तोडगा काढला. एका गटासाठी त्यांनी नियम केला की विमान तिथल्या त्या वेळच्या एका पेनीपेक्षा, म्हणजे ३.१ ग्रॅमपेक्षा, हलके नसावे. महागड्या सामानाचा फायदा त्यामुळे घटला आणि थोडे दणकट विमानही स्पर्धेत टिकू लागले.

आपल्याकडे बाल्सा लाकूड गावोगावी मिळत नाही आणि कामटी जड असते. म्हणून आपला नियम असा करता येईल: विमान एक रुपयाच्या दोन नाण्यांपेक्षा हलके नको. तराजूही विकत आणायला नको. फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगा, एका टोकाला नाणी आणि दुसऱ्या टोकाला विमान लावा.

बाकीचे नियमही नवख्याला सांभाळून घेणारे असावेत. सर्वांना एकच नकाशा आणि सारखेच सामान द्यावे. सकाळी विमान बनवावे, दुपारी उडवावे, म्हणजे घरी मदत करणारे कोणी नसले तरी मूल मागे पडत नाही. प्रत्येकाला सहा संधी द्याव्यात आणि उत्तम दोन मोजाव्यात. जागतिक स्पर्धेतही असेच मोजतात. एक इनाम पहिल्या आणि शेवटच्या उड्डाणात सर्वांत जास्त सुधारणा करणाऱ्याला असावे. मुलींची नावे आवर्जून घ्यावीत.

जागा म्हणून शाळेचा हॉल किंवा शादीखाना पुरतो. पंखे बंद आणि खिडक्या लावलेल्या हव्यात. परभणीच्या मे महिन्यात हे सोसणार नाही, म्हणून जानेवारी बरा. तेव्हा दुकानात पतंगाचा कागदही असतो.

विमान पडले तर मुलाला कारण शोधायला शिकवावे. नाक वर करून थबकत असेल तर पुढे मातीची बारीक गोळी लावा. सरळ खाली येत असेल तर ती गोळी कमी करा. भिंतीला धडकत असेल तर शेपटीचे उभे पान किंचित वळवा, म्हणजे ते गोल फिरेल. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना वैमानिक व्हायचे होते. हवाई दलाच्या निवडीत ते पंचवीस जणांत नववे आले. जागा आठच होत्या. त्यांच्यासाठी पुढे दुसरे दार उघडले. आपल्या मुलांचे पहिले विमान तीन सेकंदांत पडले, तर त्याच दिवशी आणखी पाच संधी त्यांच्या हातात असाव्यात. तेवढी व्यवस्था एखादा शिक्षक आणि मोहल्ल्यातील चार पालक सहज करू शकतात.