तुकडे वेगळे करते ती जाळी

डीएनएच्या तुकड्यांचं मिश्रण नुसत्या द्रावणात ठेवून वीज सोडली, तर लांब-आखूड सगळे तुकडे जवळजवळ एकाच वेगाने धन टोकाकडे निघतात. डीएनएच्या कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो. तुकडा दुप्पट लांब, तर ओढही दुप्पट. पण द्रावणाचा अडथळाही तेवढाच वाढतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणून तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेल इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतीत खरी करामत विजेची नाही, जेलची आहे.

हे जेल बहुधा अ‍ॅगरोजचं. लाल समुद्रशैवालापासून मिळणारी ही पूड बफर द्रावणात उकळून साच्यात ओततात, वर कंगवा लावतात. जेल थिजल्यावर कंगवा काढला की खाचा उरतात. बफरमध्ये बुडलेल्या या खाचांत मायक्रोपिपेटने नमुना सोडायचा. त्यात ग्लिसरॉल असल्याने तो जड होऊन तळाशी बसतो, निळ्या रंगामुळे डोळ्यांना दिसतो. हात जरा हलला तरी पिपेटचं टोक खाचेचा तळ फोडतं आणि नमुना वाया जातो. मग साधारण १०० व्होल्ट लावले की निळी रेघ सरकू लागते.

डीएनए मात्र अजून अदृश्य असतो. जेलमधल्या धाग्यांच्या जाळीतून आखूड तुकडे सहज पार होतात, लांब तुकडे अडखळत मागे राहतात. एथिडियम ब्रोमाइडने रंगवून अतिनील प्रकाशात पाहिलं की नारिंगी पट्टे उजळतात. शेजारच्या खाचेत ज्ञात लांबीच्या तुकड्यांचं ‘लॅडर’ असतं, त्यावरून प्रत्येक पट्ट्याची लांबी ठरवता येते.

१९७१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅथलीन डॅना आणि डॅनियल नॅथन्स यांनी एसव्ही४० विषाणूचा डीएनए विकराने कापला आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर त्याचे ११ तुकडे वेगळे करून दाखवले. जनुकांचे नकाशे काढण्याची वाट तिथून मोकळी झाली. नॅथन्स १९७८ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

पण जाळीलाही मर्यादा आहे. काही दहा हजार बेसजोड्यांहून (डीएनएच्या लांबीचं हे एकक) लांब रेणू बिळात शिरणाऱ्या सापासारखे डोकं पुढे काढून सरपटतात, आणि पुन्हा सगळ्यांचा वेग सारखाच होतो. १९८४ मध्ये डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी त्यावर सुरेख तोडगा काढला: ठरावीक वेळाने विजेची दिशाच बदलायची. दिशा बदलली की रेणूला वळावं लागतं. जितका लांब, तितका वळायला उशीर. या उशिरावरच त्यांनी यीस्टची अख्खी गुणसूत्रं एकमेकांपासून वेगळी केली.