करणारा आणि करविणारा : उत्पादन-करारातील ‘गुणवत्ता’

मालाच्या गुणवत्तेचा विचार हा अभियंत्याचा किंवा विधिज्ञाचा प्रांत मानला जातो. भाषाभ्यासकाने त्यात शिरावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु एखादी वस्तू स्वतःच्या कारखान्यात न बनविता दुसऱ्याकडून बनवून घेतली, की बनविणारा आणि बनवून घेणारा यांच्यामध्ये मुख्यतः शब्दच उरतात. काम भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये गेले तर त्याला ‘जॉबवर्क’ म्हणावयाचे आणि परदेशी गेले तर ‘आउटसोर्सिंग’. दोन्हीकडे आधार असतो तो लेखी वर्णनाचा. ते वर्णन चुकले, अपुरे राहिले किंवा पाळले गेले नाही, तर कायदा कोणाला जबाबदार धरतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम ‘गुणवत्ता’ या शब्दाकडे पाहू. भारतीय मालविक्री अधिनियम, 1930 यात तिचे दोन निरनिराळे अर्थ गृहीत आहेत. कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम 16 प्रमाणे, विशिष्ट परिस्थितीत, माल खरेदीदाराने सांगितलेल्या कामास योग्य आणि बाजारात विकण्याजोगा असला पाहिजे. पहिली कसोटी शब्दांची आहे, दुसरी उपयोगाची. व्यवहारात आपण ही दोन्ही एकच समजतो. ती एक नव्हेत, हे दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. आणि गंमत अशी की ती दोन्ही परस्परांच्या नेमकी उलट आहेत.

पहिले प्रकरण इंग्लंडचे. आर्कोस विरुद्ध रोनासेन या दाव्याचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने 1933 साली दिला. सिमेंटची पिंपे बनविण्यासाठी रशियन लाकडाच्या फळ्या मागविल्या होत्या. करारात जाडी अर्धा इंच लिहिली होती. प्रत्यक्षात सुमारे पाच टक्केच फळ्या तंतोतंत तेवढ्या भरल्या. बाकीच्यांपैकी बहुतेक किंचित जाड निघाल्या. पिंपे करण्यास त्या सर्वथा योग्य होत्या, हे लवादालाही मान्य होते. बाजारभाव उतरल्यामुळे खरेदीदाराला सौदा नको होता, ही गोष्टही उघड होती. तरीही माल नाकारण्याचा त्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. लॉर्ड अ‍ॅट्किन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, अर्धा इंच म्हणजे ‘सुमारे’ अर्धा इंच नव्हे. विक्रेत्याला सवलत हवी असेल तर ती त्याने करारात मागून घ्यावी. कारखान्यातील नकाशावर मापापुढे जे ‘प्लस-मायनस’ लिहितात, ते म्हणजे हा ‘सुमारे’च, फरक एवढाच की तो मोजून दिलेला असतो. इंग्लंडमध्ये 1994 च्या सुधारणेने, उणीव अगदी क्षुल्लक असल्यास व्यापारी खरेदीदाराचा माल नाकारण्याचा हक्क मर्यादित केला. आपल्या 1930 च्या अधिनियमास अशी पुस्ती जोडलेली नाही.

दुसरे प्रकरण 2007 सालचे. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने त्या वर्षी चीनमध्ये बनवून घेतलेली खेळणी मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घेतली. त्यांत दोन भिन्न दोष एकत्र आले होते, आणि वृत्तपत्रांनी त्यांची सरमिसळ केली. काही खेळण्यांच्या रंगात शिसे आढळले. एका खेळण्यातील गाडीच्या बाबतीत साखळी अशी होती : मॅटेलने काम दिले एका कंत्राटदाराला, त्याने रंगकाम दिले उपकंत्राटदाराला, उपकंत्राटदाराने पुरविलेला रंग न वापरता परवानगीशिवाय तिसऱ्याच ठिकाणचा रंग वापरला. येथे माल वर्णनाबाहेरचा होता आणि घातकही होता. म्हणजे दोन्ही कसोट्यांवर तो नापास झाला. परंतु परत घेतलेल्या खेळण्यांपैकी फार मोठा भाग, जगभरात सुमारे 1 कोटी 82 लक्ष नग, लहान परंतु शक्तिमान लोहचुंबके बसविलेल्या खेळण्यांचा होता. अशी दोन चुंबके सुटून मुलाच्या पोटात गेली, तर आतड्याच्या भिंतीपलीकडून एकमेकांस खेचतात आणि आतड्याला छिद्र पाडू शकतात. त्या चिनी कारखान्यांनी काय चुकविले होते? या बाबतीत काहीच नाही. दोष मॅटेलच्याच आराखड्यात होता, अशी कबुली कंपनीच्या उच्चाधिकाऱ्याने 21 सप्टेंबर 2007 रोजी बीजिंगमध्ये दिली आणि चीनची क्षमा मागितली. तोपर्यंत रंगाच्या प्रकरणात सापडलेल्या फोशान येथील एका कारखान्याच्या मालकाने आत्महत्या केलेली होती.

आर्कोसचा माल उपयोगास योग्य, पण शब्दांत चुकलेला; चुंबकांचा माल शब्दांत अचूक, पण अपायकारक.

मग कर्ता कोण? पाणिनीने क्रियेस प्रवृत्त करणाऱ्याला ‘हेतु’ ही संज्ञा दिली, आणि त्याच सूत्रात त्याचे कर्तृत्वही कायम ठेवले. ‘देवदत्त यज्ञदत्ताकडून चटई करवितो’ या वाक्यात यज्ञदत्ताने चटई विणली म्हणून देवदत्ताचे कर्तेपण लोपत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील ‘उत्पादक’ या संज्ञेची व्याख्या वाचताना प्रस्तुत लेखकाला या प्रयोजक रचनेची आठवण झाली. दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूवर जो स्वतःची मुद्रा उठवितो किंवा उठवून घेतो, तोही त्या व्याख्येत उत्पादक ठरतो. कलम 84 मध्ये घडणीतील दोष, आराखड्यातील दोष, ठरलेल्या विनिर्देशांपासून ढळणे, स्पष्ट हमीशी न जुळणे आणि वापराच्या सूचना अपुऱ्या असणे, ही जबाबदारीची कारणे पृथक् सांगितली आहेत. मॅटेल प्रकरणात जे दोष एकमेकांत मिसळले गेले, ते येथे निरनिराळे ठेवले आहेत, हे इष्टच झाले. काम बाहेर देता येते. जबाबदारी मात्र ग्राहकापुरती तरी बाहेर देता येत नाही. कंत्राटदाराकडून भरपाई मागण्याचा हक्क राहतो, पण तो पुन्हा कराराच्या शब्दांवर अवलंबून.

आयएसओ 9001 या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीतही बाहेरून घेतलेल्या प्रक्रियांवर नियंत्रण ठेवण्याचे काम संस्थेकडेच ठेवले आहे. मात्र त्या मानकमालेत गुणवत्ता म्हणजे अपेक्षांची पूर्तता. अपेक्षाच सदोष असेल तर तिची पूर्तता निर्दोषपणे होऊ शकते. प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपले अनेक विद्यार्थी करारांच्या भाषांतराचे काम करू लागले आहेत, म्हणून एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे ‘शर्त’ मोडल्यास करार संपुष्टात आला असे मानता येते. ‘हमी’ मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मिळते, माल नाकारता येत नाही. बोलीत मात्र या शब्दांचे वजन नेमके उलटे आहे. ‘मी हमी देतो’ हे मराठी माणसाला शपथेसारखे वाटते आणि ‘अट’ ही पुष्कळदा कागदावरची औपचारिक बाब वाटते. लेथवर काम करणारा लहान कारखानदार मराठी मसुदा वाचून सही करतो, तेव्हा ‘हमी’पाशी थबकतो आणि ‘शर्ती’वरून सहज पुढे जातो.