पीनट बटर: कोण खाते, कसे खाते, कधीपासून खाते?

अमेरिकेत शाळकरी मुलाच्या डब्यात पीनट बटर आणि जॅमचे सँडविच हे ठरलेलेच. हॉलंडमध्ये ते ब्रेडवर फासून वर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरवतात. तिथे त्याला ‘शेंगदाण्याचे चीज’ म्हणतात, कारण लोणी हे नाव कायद्याने दुधाच्या लोण्यासाठी राखून ठेवलेले होते. पश्चिम आफ्रिकेत ते रश्शात जाते; सेनेगल-मालीतल्या ‘माफे’ला दाटपणा त्यानेच येतो. दाण्याचा कूट भरल्या वांग्यात घालणाऱ्या मराठी माणसाला हीच रीत सर्वांत जवळची वाटेल.

पण डॉक्टरांचे लक्ष गेले ते इस्रायलकडे. तिथे ‘बांबा’ नावाचा खाऊ घरोघरी असतो: मक्याचे हलके फुगे आणि त्यांना पीनट बटरचा लेप. जिभेवर ठेवला की विरघळतो, म्हणून दातही न आलेल्या बाळाच्या हाती तो सहज दिला जातो.

त्याच काळात ब्रिटन-अमेरिकेत उलटा सल्ला होता. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊच नका, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सांगितले. आयांनी तो निष्ठेने पाळला, तरी ॲलर्जी वाढतच राहिली. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते. त्या भीतीने तिकडच्या अनेक शाळांनी शेंगदाण्यावर बंदी घातली; तिथल्या मराठी घरांतली कूट घातलेली साबुदाण्याची खिचडीही मग डब्यात नेता येत नाही.

लंडनचे डॉ. गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश एकच, म्हणजे आनुवंशिकतेचा फरक फारसा नाही. 2008 मध्ये आलेला निष्कर्ष असा: ब्रिटनमधल्या मुलांत ही ॲलर्जी 1.85 टक्के, इस्रायलमध्ये 0.17 टक्के. दहापटींहून अधिक फरक!

पण तुलना म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून लॅक यांनी 640 बाळांवर प्रयोग केला. सगळी 4 ते 11 महिन्यांची आणि सगळ्यांनाच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी, म्हणजे धोका जास्त. निम्म्यांना बांबा किंवा मऊ पीनट बटर नियमित दिले, निम्म्यांना शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात 3.2 टक्के. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या.

असे का होते? मोठी माणसे पीनट बटर खातात, त्याचे कण हाताला, गादीला, घरातल्या धुळीला लागतात. इसबामुळे बाळाची त्वचा फाटलेली असेल तर ते तिच्यातून आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते. तोच शेंगदाणा तोंडावाटे आतड्यात गेला तर शरीर त्याला अन्न म्हणून ओळखायला शिकते. घरात सगळे खातात आणि बाळाला तेवढे देत नाहीत, ही सर्वांत वाईट रीत ठरली.

आपल्याकडे दाणे घरोघरी असतात, तरी ही ॲलर्जी होतच नाही असे समजू नये. वरचे अन्न सुरू झाले की बाळाच्या लापशीत मऊ वाटलेल्या दाण्यांची थोडी पेस्ट पातळ करून कालवावी आणि मानवली तर नेमाने देत राहावी. चमचाभर घट्ट पीनट बटर टाळ्याला चिकटते, ते नको. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत नकोच. तो श्वासनलिकेत अडकतो. बुरशी लागलेले, काळपट दाणे निवडून टाकावेत. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्यावा. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासाला घरघर लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.